खरखरीत अक्षरांपाशी अडलेली गाडी: माझा अनुभव

घरी मुलाला मॉण्टेसरी पद्धतीने शिकवताना वयाचा तक्ता भिंतीवर लावला असेल तर काढून ठेवा. ‘साडेतीन वर्षे: खरखरीत अक्षरे’ (पाटीवर चिकटवलेली, बोटाने गिरवायची पॉलिश पेपरची अक्षरं) या एका ओळीने आमचे दोन महिने खाल्ले. राजमा, मग तांदूळ, मग पाणी ओतणं, १ ते १० सेंटीमीटरच्या ठोकळ्यांचा गुलाबी मनोरा, हे सगळं सुरळीत पार पडलं. अक्षरांचा ट्रे मात्र धूळ खात.

हात तयार होता, कान नव्हता. ‘मगर’चा पहिला आवाज कोणता, असं विचारल्यावर उत्तर ‘पाण्यात राहते’ असं आलं, तर अक्षरं कपाटातच राहू द्या. आधी आवाजाचे खेळ. तेही मी चुकीच्या शब्दांनी खेळत होते: किडा, कुत्रा, केळं. मुलाला ऐकू येतं कि, कु, के आणि पाटीवर असतो क! ही पद्धत रोममध्ये १९०७ साली इटालियन मुलांसोबत आकाराला आली. तिथे व्यंजन सुटं असतं, आपल्या क मध्ये अ मुरलेला असतो. म्हणून टोपलीत बिनमात्रेच्या सुरुवातीच्या वस्तू हव्यात: कप, मणी, वही, बटण. ण आणि ळ ने शब्द सुरू होत नाहीत, ते शेवटी ऐकवा: बाण, फळ. चहातला च वेगळा, चमच्यातला वेगळा, त्यामुळे च-ज-झ सगळ्यात शेवटी.

पाट्या घरी करणार असाल तर १२० नंबरचा पॉलिश पेपर घ्या. ८० नंबरचा बोटाला ओरबाडतो, मूल दोनदा फिरवून हात मागे घेतं. मागच्या बाजूने आखत असाल तर अक्षर उलटं आखा, नाहीतर कापल्यावर ग आरशातला निघतो. फेव्हिकॉल पातळ लावा, कडेने वर आला की खरखर गेलीच.

एका वेळी तीनच अक्षरं, दिसायला आणि ऐकायला लांबची: क, म, स. घ-ध किंवा भ-म एकत्र नकोत. ‘हा म’ सांगणं ही पहिली पायरी, ती झाली की पुष्कळ दिवस दुसऱ्याच पायरीवर, म्हणजे अक्षर ओळखून हलवण्यावर, राहा: ‘म उशीवर ठेव’, ‘स दाराशी ने.’ ‘हा कोणता?’ ही तिसरी पायरी, ती पहिल्याच दिवशी विचारली की धड्याची परीक्षा होते. माझं घाईचं नाक इथेच कापलं गेलं.

आधीच सांगायचं राहिलं: मुलाच्या समोर नको, शेजारी बसा, समोरून तुम्हालाच अक्षर उलटं दिसतं. गिरवण्याआधी बोटं कोमट पाण्यात बुडवून पुसा. पुढच्या आठवड्याचं नियोजन म्हणजे रोज दहा मिनिटं गप्प बसून टिपणं: काय आपणहून पुन्हा घेतलं, काय अर्धवट टाकलं. नवा धडा पहिल्या यादीतून निघतो.

मात्रांमध्ये काना आधी. पहिली वेलांटी बरीच मागून, कारण ती ऐकू येते क नंतर आणि मांडायची असते क च्या आधी.