लायसेटमधला उजेड कमी झाला, म्हणजे नेमकं काय झालं?

माझ्या पीएचडीचा प्रश्न सरळ होता: हातातली संयुगं प्रथिननिर्मिती थांबवतात का? जिवंत पेशीत हे बघायला गेलं की गुंता होतो. संयुग आत शिरलंच नाही, की आत जाऊन भलतंच काही बिघडवलं, हे कळत नाही. म्हणून सशाच्या रेटिक्युलोसाइटचं लायसेट, म्हणजे फोडलेल्या पेशींचा अर्क, घेतलं. या अपरिपक्व तांबड्या पेशी फोडून काढलेल्या अर्कात रायबोसोम, टीआरएनए, सगळी यंत्रणा तयार असते. आपण एमआरएनए, म्हणजे कोणतं प्रथिन बनवायचं याचा संदेश, घालायचा. १९६१ मध्ये निरेनबर्ग आणि मथाई यांनी जनुकीय संकेताचा पहिला शब्द वाचला तोही पेशीविरहित अर्कातच, फक्त तो ई. कोलायचा होता.

माझा एमआरएनए काजव्याच्या ल्युसिफरेजचा, म्हणजे उजेड पाडणाऱ्या एन्झाइमचा. लायसेटमध्ये मुळात प्रकाश देणारं काही नसतं, त्यामुळे जे दिसतं ते नव्या प्रथिनाचंच. जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाला चमकायला वेळ लागतो, शिवाय लायसेट रक्तासारखं लाल. त्यात फ्लोरेसन्स मोजणं जिकिरीचं.

उणे ८० वरची नळी बर्फावर वितळवायची, व्हॉर्टेक्स (यंत्रावर जोरात घुसळणं) अजिबात करायचं नाही, एमआरएनए तोडणाऱ्या रायबोन्यूक्लिएजचा अवरोधक घालायचा आणि ३० अंशांवर ९० मिनिटं ठेवायचं. एवढं जमलं की उजेड मोजणाऱ्या ल्युमिनोमीटरवर भरघोस आकडे येतात.

खरी कसोटी त्यानंतर लागते. बऱ्याच संयुगांनी प्रकाश खाली आणला. पण प्रथिन कमी बनलं, की बनलेलं ल्युसिफरेजच अडवलं गेलं? रेझव्हेराट्रॉल हे वनस्पतींतलं संयुग ल्युसिफरेजला थेट अडवतं, त्यामुळे ही शंका गंभीर आहे. यासाठी मी प्रथिन आधी संयुगाशिवाय बनवून घेतलं, सायक्लोहेक्झिमाइडने निर्मिती थांबवली आणि मग संयुग घातलं. इथेही उजेड उतरला, तर ते संयुग यादीतून बाद. माझी निम्म्याहून जास्त यादी इथेच गळली, आणि ही पायरी कुणीही गाळू नये असं मला मनापासून वाटतं.

दुसरी अडचण एटीपीची, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूची. या ल्युसिफरेजला ल्युसिफेरिन (ज्यापासून उजेड निघतो तो पदार्थ), ऑक्सिजन, मॅग्नेशियम यांच्याबरोबर एटीपीही लागतं, आणि लायसेट तेच एटीपी खर्चून प्रथिन बनवतं. ल्युसिफेरिन सुरुवातीलाच मिसळलं तर एटीपी संपत आल्यावरही उजेड मंदावतो. म्हणून दर वेळी दोन मायक्रोलिटर काढून, भरपूर एटीपी असलेल्या ५० मायक्रोलिटर द्रावणात मोजलं. लाल रंगही त्यात विरळ होतो. उरलेल्या संयुगांसाठी नॅनोल्युक हे दुसरं ल्युसिफरेज आणलं: खोल समुद्रातल्या कोळंबीच्या एन्झाइमवरून घडवलेलं, १९ किलोडाल्टनचं, एटीपी न लागणारं. दोन्हींत टिकलेली संयुगं एस-३५ मेथिओनिन (किरणोत्सारी अमिनो आम्ल, नव्या प्रथिनात जाऊन बसणारं) घालून जेलवर तपासली. एका संयुगाच्या लेनमधला पट्टा स्पष्ट फिकट होता.

ते संयुग निर्मितीची सुरुवात अडवतं की साखळीची वाढ, हे आता बघायचं आहे. त्यासाठी ल्युसिफरेजच्या आधी क्रिकेट पॅरालिसिस विषाणूचा आयआरईएस (रायबोसोमला थेट बसू देणारा आरएनएचा तुकडा) जोडलेला एमआरएनए बनवतो आहे; त्याला निर्मितीची सुरुवात करून देणारे मदतनीस घटक लागतच नाहीत. त्यावर उजेड टिकला, तर अडथळा सुरुवातीत आहे.