पाठ लागली तरी उठतोय कसा?

सातारा-कागल सहापदरीकरणावर लिहायला बसलो तर कोल्हापूर यायच्या आतच लेख संपेल. एवढंच सांगतो की एसटी स्टँडात शिरेपर्यंत माझी कंबर, मान आणि स्वभाव तिन्ही बिघडलेले होते. मांडीवर आर्केड स्टिकची, म्हणजे गेम खेळायच्या दांडी-बटणांच्या खोक्याची बॅग. वरच्या रॅकवर जागा नव्हती आणि पायाशी ठेवायची हिंमत नव्हती. कंडक्टरने बॅगेकडे बघून विचारलं, "पेटी का ओ?" मी हो म्हणून टाकलं. मग शेजारचे काका किणी टोलनाक्यापर्यंत माझ्याशी अभंगांबद्दल बोलत राहिले.

लोक कोल्हापूरला अंबाबाईसाठी जातात, जोतिबासाठी जातात, रश्श्यासाठी तर जातातच. मी गेलो 'द किंग ऑफ फायटर्स ९८' हा जुना फायटिंग गेम खेळायला. ज्याच्याशी खेळायचं होतं तो गडी मी तोवर प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता. ओळख फाइटकेडवरची. जुने आर्केड गेम ऑनलाइन खेळायची ही जागा, आणि तिच्या मुळाशी जीजीपीओ नावाचं तंत्र आहे. टोनी कॅनन या माणसाने ते बनवलं, कारण २००६ साली एक्सबॉक्सवर आलेल्या 'स्ट्रीट फायटर २'चं ऑनलाइन खेळणं त्याला सहन होईना. त्याची युक्ती अशी, की समोरच्याने काय दाबलं हे कळायची वाट बघायचीच नाही. मशीन अंदाज बांधून चित्र पुढे नेतं; अंदाज चुकला तर काही फ्रेम मागे जाऊन तेवढा भाग पुन्हा रचतं. सेकंदाला साठ फ्रेम असल्यामुळे बहुतेक वेळा डोळ्याला पत्ताही लागत नाही.

पत्ता लागतो तो पकडीच्या वेळी. समोरचा नुसता उभा दिसतो, आणि पुढच्या क्षणी आपण त्याच्या डोक्यावर उलटे. मधलं सगळं गायब. हा गडी गेममधला क्लार्क घेऊन खेळतो, म्हणजे धरून आपटणारा, आणि मीही असले पकडणारेच घेतो. त्यामुळे आमच्या ऑनलाइन लढती म्हणजे दोन माणसांनी एकमेकांना अंधारात आपटणं. "भावा, एकदा शेजारी बसून खेळू, ये की कोल्हापूरला," असं तो वर्षभर म्हणत होता.

घर शिवाजी पेठेत. वरच्या मजल्यावर खोली, खोलीत मॉनिटर, कोपऱ्यात एक जुना बोजड टीव्ही आणि पलंगावर आजोबा. "हे आबा. यांची दुपारची झोप हितंच असते, तू लक्ष नको देऊ." आबांनी एक डोळा उघडून माझ्याकडे, मग स्टिककडे पाहिलं आणि मिटला.

सुरुवात नव्या गेमनी केली. 'फेटल फ्युरी: सिटी ऑफ द वुल्व्स' एप्रिल २०२५ मध्ये आला, म्हणजे याच मालिकेतल्या १९९९ च्या 'गारू'नंतर पंचवीसहून जास्त वर्षांनी. खेळायला तो उत्तम आहे. आपल्या लाइफबारचा, म्हणजे शिल्लक जीव दाखवणाऱ्या पट्टीचा, कुठला तुकडा ताकदीचा ठेवायचा, सुरुवातीचा, मधला की शेवटचा, हे लढतीआधीच ठरवावं लागतं, आणि त्या एका निवडीवरून समोरच्याचा स्वभाव कळतो. आमच्या यजमानाने शेवटचा तुकडा घेतला. मार खाऊन उलटणारा माणूस. रेव्ह मीटरही मला आवडतं: जोराचे डाव उधळत सुटलात तर ते तापतं आणि मग ते डाव काही काळ बंद. पण या गेमात क्रिस्टियानो रोनाल्डो आहे. पंचवीस वर्षं मालिकेच्या नायकाची, टेरी बोगार्डची वाट बघायची आणि निवडीच्या पडद्यावर फुटबॉलपटू! शिवाय एक डीजे! यावर आमचं इतकं एकमत झालं की पंधरा मिनिटं कोणी खेळलंच नाही. तेवढ्यात काकूंनी पोह्यांच्या ताटल्या आणून ठेवल्या.

मग 'अंडर नाइट इन-बर्थ २'. हा जानेवारी २०२४ चा. माझ्या ओळखीत तो खेळणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील आणि त्यातली काही मीच ओढून आणलेली आहेत. माझा गडी वाल्डश्टाइन, राक्षसी पंजांचा धिप्पाड म्हातारा. या गेमात पडद्याच्या तळाशी, मधोमध, ग्रिड नावाचा हिशेब चालू असतो. पुढे चाललात की आपला हिस्सा वाढतो, मागे सरकलात की घटतो. घड्याळाची एक फेरी पुरी झाली की ज्याच्याकडे जास्त, त्याला काही काळ जादा ताकद. पळपुट्याला दंड करणारा गेम आहे हा, म्हणूनच मला प्रिय.

"ह्ये बराबर हाय," पलंगावरून आवाज आला.

आबा उठून बसले होते. कधीपासून बघत होते कोण जाणे. "मागं सरला की त्येचं कमी हुतंय, व्हय न्हवं? मैदानात लोकं शिट्ट्या मारत्यात असल्याला. नुसती खडाखडी किती येळ करनार?" मला हा हिशेब व्हिडिओ बघून समजून घ्यायला एक आठवडा लागला होता. आबांनी तो चहाचा कप गार व्हायच्या आत ओळखला. नातू म्हणाला, "आबा पैलवान होते. मोतीबाग तालमीला." होते म्हणजे, मान अजून तशीच आहे. कानही.

आता लढत आबांना दाखवायला चालू झाली, आणि 'किंग ऑफ फायटर्स ९८' लागला. मी डायमन घेतला. जुदोवाला, पायात लाकडी खडावा, जमीन हादरवतो आणि जवळ आलेल्याला फेकतो. या गेमातला तो सगळ्यात दणकट गड्यांपैकी एक, त्यामुळे तो निवडणं थोडं निर्लज्जपणाचं समजतात. पाहुण्याला चालतं. समोर क्लार्क. त्याने मला धरलं, उचललं, आडवं केलं, पाठीवर आपटलं, वर कोपरही घातलं. माझा डायमन उठून उभा राहिला.

"थांब. पाठ लागली की त्याची. उठतोय कसा?"

"आबा, लाइफ हाय अजून त्येची."

"लाइफ हाय म्हंजे? दोन्ही खांदे टेकले न्हवं?"

"टेकले, पण..."

"मग कुस्ती झाली. फेटा बांधा, पैसं द्या."

यावर मी उत्तर द्यायचा प्रयत्न केला, कारण फायटिंग गेमची ही गोष्ट मला खरोखर सगळ्यात जास्त आवडते. मी म्हणालो, आबा, इथे पाडणं हा शेवट नाही. पाडल्यावर खरी गंमत. खालचा उठतो तेव्हा वरचा त्याच्या अंगावर उभा असतो. खालच्याने अडवायची तयारी ठेवली तर वरचा धरतो, कारण धरलेलं अडवता येत नाही. धरेल या भीतीने त्याने उडी मारली किंवा हात चालवला तर वरचा मारतो. दोघंही एकमेकांचं मन वाचत असतात.

आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे गादीवरली."

'गादी' हा शब्द त्यांनी जसा उच्चारला तसा मी 'मोबाइल गेम' हा शब्द उच्चारतो. मातीत चितपट झाला की विषय संपला. गादीवर गुण मोजतात, पडलेला उठतो, पुन्हा चालू. मग ते खाशाबा जाधवांवर आले. राजाराम कॉलेजचा पोरगा, मातीतला, १९४८ ला लंडनला गेला तेव्हा गादी म्हणजे काय ते धड ठाऊक नव्हतं, तरी सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ. "त्येनं गादी शिकून घेतली. आमी न्हाई शिकलो," आबा म्हणाले आणि मला हाक मारली. "हिकडं ये. उभा ऱ्हा."

मी उभा राहिलो. सत्तरीपुढच्या माणसाने माझं मनगट धरलं आणि दुसरा हात मानेवर टाकला. काहीच केलं नाही. नुसतं वजन टाकलं. मान खाली जायला लागली म्हणून मी जोर करून मागे ओढलो, आणि ओढलो तेवढ्यात त्यांचा हात सैल झाला, पाय कुठूनतरी माझ्या पायाच्या आत आला आणि मी पलंगावर बसलेला होतो. आपटलेला नव्हे. बसवलेला. "बघ. मी काय केलं? कायबी न्हाई. तू मागं वडलास. डाव नंतर असतोय. आधी त्येला जोर कुठं लावाय लावायचा ते बघायचं." असं त्यांनी पुन्हा केलं, आणि पुन्हा. मी मागे ओढायचं नाही असं ठरवलं तर त्यांनी पुढेच खेचलं. मनगटावर संध्याकाळपर्यंत बोटं उमटलेली होती.

पकडणारा गडी खेळायला शिकवणारे तासन् तास व्हिडिओ मी पाहिलेत. स्टिकचं पूर्ण वर्तुळ कसं फिरवायचं, त्यात वरची दिशा लागली की गडी उडी मारतो म्हणून ते फिरवणं आधीच्या डावात कसं लपवायचं, 'स्ट्रीट फायटर २'मध्ये पाऊण फेरीतच काम कसं भागतं, सगळं. हे बोटांचं झालं. समोरच्याला मागे ओढायला लावायचं कसं, हे त्या खोलीत मानेला कळलं.

कळलं म्हणून जमलं असं नाही. लगेच वाल्डश्टाइन घेऊन बसलो. चालत पुढे गेलो, थांबलो, एक हलकी टपली मारली, पुन्हा थांबलो, तो अडवून बसला आहे असं वाटल्यावर वर्तुळ फिरवलं. त्याने उडी मारली. दर वेळी उडी मारली. "भावा, मी ह्यांच्याच हाताखाली मोठा झालोय," तो हसत म्हणाला. मागून आबाही हसत होते, आणि ते नातवाच्या बाजूने हसत होते, याची मी नोंद घेतली आहे.

एक सांगतो, शेजारी बसून खेळल्यावर क्लार्कची पकड मला पहिल्यांदा दिसली. चित्र उडत नाही, मधलं काही गायब होत नाही. शिवाय पकड यायच्या आधी त्याच्या स्टिकचा खडखडाट ऐकू येतो. तो ऐकून मी उडी मारायला लागलो, तर पठ्ठ्याने नुसताच खडखडाट करून मला उडी मारायला लावलं आणि हवेत मारलं. ऑनलाइन हे कुठून मिळणार?

जेवणाबद्दल तक्रार करणं पाप आहे, तरी करतो. काकूंच्या हातचा पांढरा रस्सा मी विसरणार नाही. तांबडा तर हॉटेलांतल्या रंगीत पाण्याला लाजवेल असा. पण 'नको' याला त्या घरात अर्थच नाही. वाटीवर हात ठेवला तर काकू हात बाजूला करून वाढतात. त्यावर रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर नेलं. म्हैस समोर, धार समोर, ग्लासात फेस. सगळं कोल्हापूर त्यावर जीव टाकतं आणि मला ते कोमट दूध अजिबात आवडलं नाही. ग्लास संपवला, कारण आबा बघत होते.

दुसरा दिवस रंकाळा, अंबाबाई आणि रांगेत गेला.

निघायच्या दिवशी सकाळी आबा आम्हाला खासबागला घेऊन गेले. शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचं कलोसियम पाहिलं, त्यावरून हे मैदान बांधलं. १९१२ ला पुरं झालं. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं, त्याबद्दल आबा बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. आत गेलं की कळतं हे मैदान का गाजलं ते. मधला हौद खाली, भोवती चढत जाणाऱ्या पायऱ्या. शेवटच्या पायरीवरून बघा, लढणाऱ्या दोघांमधलं अंतर दिसतं. चेहरे नाही दिसले तरी चालतात, अंतर दिसलं पाहिजे. बाजूने दिसणाऱ्या टू-डी फायटिंग गेमवर माझा जीव नेमका यासाठीच आहे, आणि थ्री-डी गेममध्ये कॅमेरा गरागरा फिरायला लागला की मी का वैतागतो, तेही त्या पायरीवर बसून आबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. ऐकू आलं असावं.

गाडीला वेळ होता म्हणून घरी आल्यावर नातवाने कोपऱ्यातला जुना टीव्ही लावला आणि प्लेस्टेशनवर 'स्ट्रीट फायटर ईएक्स प्लस अल्फा' टाकला. १९९७ चा. आता हा फारसा कोणी खेळत नाही. चित्रं खडबडीत, हालचाली विचित्र. पण यात डारुन मिस्टर आहे. भारतीय पैलवान, जपानी लोकांनी कल्पनेने बनवलेला. त्याच्या एका डावाचं नाव ब्रह्मा बॉम्ब, दुसऱ्याचं गँजेस डीडीटी. आपल्याकडे भारतीय गडी म्हटलं की सगळ्यांना हातपाय लांबवणारा धालसिम आठवतो. डारुन कुणाच्या गावीही नसतो. अरिका या कंपनीने २०१८ च्या 'फायटिंग ईएक्स लेयर'मध्येही त्याला आणलं, तेव्हा मला झालेला आनंद घरात कुणालाच समजला नव्हता.

"आबा, हा आपला. इंडियाचा पैलवान."

आबा पुढे सरकले. डारुनने झँगीफला उचलून डोक्यावर आपटलं. आबांनी पुन्हा दाखवायला सांगितलं. पुन्हा आपटलं. बराच वेळ ते नुसते बघत होते, मग म्हणाले, "अंगानं बरा हाय. कुठल्या तालमीचा?"

नातू माझ्याकडे बघायला लागला.

"आन् वस्ताद कोण ह्येचा? लंगोट बांधायला बी शिकवलं न्हाई ह्येला कुणी."