आमची वाटचाल: दोन घोडे, निळी ताडपत्री आणि एक रजिस्टर

ठाण्याच्या घोडबंदर रोडला वर्षानुवर्षं राहणाऱ्यांच्या पण बऱ्याचदा लक्षात येत नाही की या नावात घोडा आहे. पोर्तुगीजांच्या काळात इथल्या बंदरात अरबी घोड्यांचा व्यापार चालायचा, त्यावरून नाव पडलं असं सांगतात. 2013 ला ओवळ्याच्या आतल्या बाजूला भाड्याने जागा घेऊन आम्ही रायडिंग स्कूल सुरू केलं तेव्हा येणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगायचो. दोन घोडे, पत्र्याचा तबेला, बांबूचं कुंपण घातलेलं रिंगण, मोतद्दार म्हणजे घोड्यांची देखभाल करायला मामा आणि हिशोबाला माझी बायको, एवढंच होतं. मामांनी त्याआधी कळव्याकडे वरातीचे घोडे सांभाळलेले, बँड वाजतोय, फटाके फुटतायत, पाठीवर घाबरलेला नवरदेव, अशात घोडा शांत कसा ठेवायचा ते त्यांनाच विचारावं.

पहिली दोन-तीन वर्षं सगळ्या धंदेवाल्यांची जातात तशीच गेली, बॅच भरत नाही, पावसाळ्यात रिंगणाचा चिखल होतो, खुरं ओली राहून सडायला लागतात, कोंड्याचा भाव वाढतो. ते जाऊ दे. मला सांगायचंय ते राणीबद्दल.

राणी म्हणजे महालक्ष्मी रेसकोर्सवरून रिटायर झालेली थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीची घोडी, तांबडी, कपाळावर चांदणी. रेसचा घोडा स्वस्तात मिळतो म्हणून लोक घेतात आणि फसतात, कारण त्याला आयुष्यभर पळायलाच शिकवलेलं असतं, संथ चालणं, थांबणं, लहान पोराला घेऊन गोल फिरणं हे सगळं अगदी पहिल्यापासून शिकवावं लागतं. राणी ते पण शिकली. फक्त गेटजवळ कडब्यावर एक निळी ताडपत्री झाकलेली असायची, तिच्यापाशी आली की अडायची. मान वर, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागायचा, पुढचे पाय जमिनीत रोवलेले. मी रोज पंधरा-वीस मिनिटं तिथे झटापट करायचो आणि घरी येऊन सांगायचो, घोडी हट्टी आहे.

त्याच काळात जागामालक भाडं वाढवून मागत होता. एका सकाळी फोनवर त्याच्याशी चांगलंच वाजलं आणि मी तसाच, डोकं तापलेलं असताना, राणीवर बसलो. मामा म्हणाले, "दादा, आधी चहा घ्या, मग काढू घोडी." मी ऐकलं नाही. ताडपत्रीपाशी ती अडली, मी टाच मारली आणि त्याच क्षणी लगाम पण खेचला, म्हणजे पुढे जा आणि थांब हे दोन्ही तिला एकदमच सांगितलं. ती मागच्या पायांवर उभी राहिली आणि मी खाली. कॉलरबोन मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात.

ते सहा आठवडे माझ्या आयुष्यातलं खरं ट्रेनिंग. कुंपणाबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मी मामांना बघायचो. ते राणीला दोरीवर घेऊन ताडपत्रीच्या दिशेने जायचे, वीसेक पावलांवर थांबायचे आणि तिच्याकडे न बघता नुसते उभे राहायचे, तिने स्वतःहून एक पाऊल टाकलं की दोरी लगेच ढिली. बस. मग परत फिरायचे. पाचव्या दिवशी राणीने ताडपत्रीला नाक लावलं, जोरात फुरफुरली आणि खाली पडलेला कडबा चघळायला लागली. मी विचारलं, मामा काय केलंत? तर म्हणाले, "काय नाय दादा, टाइम दिला तिला. तुमी जवळ येता तवा तुमचा हात आधीच आवळलेला असतो."

मला ते पटलं नाही. मग बायकोने पूर्वी काढलेले मोबाइलचे व्हिडिओ बसून स्लो मोशनमध्ये बघितले. ताडपत्री अजून दहा-बारा फूट लांब आहे आणि माझे खांदे वर गेलेत, जबडा घट्ट, लगाम आखडलाय. राणी तोपर्यंत आरामात चालतेय. तिचे कान त्यानंतर मागे जातात. एक व्हिडिओ नाही, सगळ्याच व्हिडिओत हाच क्रम.

अंगावर बसलेली माशी ज्या जनावराला कळते, कातडी थरथरवून ती उडवता येते, त्याला पाठीवरच्या माणसाची आवळलेली मांडी कळणार नाही का? मग मी वाचायला लागलो. बर्लिनला 1900 च्या सुमारास हान्स नावाचा घोडा होता, टाप आपटून गणितांची उत्तरं द्यायचा, मोठमोठे लोक बघायला जायचे. 1907 मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की हान्स गणित करत नव्हता, बरोबर आकडा आला की समोरच्या माणसाचं डोकं नकळत किंचित हलायचं, तेवढं बघून तो थांबायचा. आणि मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट अशी की हे गुपित कळल्यावर सुद्धा फुंग्स्टला स्वतःला ती हालचाल पूर्ण थांबवता येईना. स्वीडनमध्ये 2009 ला छापून आलेला एक प्रयोग पण आहे, माणसांना सांगितलं की या फेरीला घोडा पुढून जाताना छत्री उघडणार, माणसांच्या छातीचे ठोके वाढले, घोड्यांचे पण वाढले, छत्री उघडलीच नव्हती. आमची ताडपत्री म्हणजे हीच छत्री.

हात बरा झाल्यावर मी आमच्या स्कूलची शिकवायची पद्धत बदलली. घोडा शिकतो तो लगामाचा, टाचेचा दाब सुटण्याच्या क्षणातून, आणि तो क्षण नेमका पकडायचा तर आपलं डोकं जागेवर पाहिजे, रागात असलो की सोडायला उशीर होतो आणि घोडा भलतंच शिकतो. म्हणून तबेल्यात एक लांब रजिस्टर ठेवलं. त्यात पूर्वी घोड्याचं खाणं, लीद, नाल कधी ठोकली एवढंच असायचं, आता घोड्याच्या नावासमोर हाताळणाऱ्याचं नाव आणि त्याची तब्येत पण लिहायची. "झोप कमी." "घरी भांडण." "डोकं दुखतंय." ज्याच्यापुढे असं काही आहे त्याने त्या दिवशी नवीन काही शिकवायचं नाही, खरारा करा म्हणजे अंग घासून साफ करा, चालवून आणा, पुरे. तबेल्यातल्या पोरांना लाज वाटायची लिहायला, म्हणून पहिले काही महिने मी माझंच खरं खरं लिहीत गेलो, भाड्याचं टेन्शन सुद्धा.

शिकायला येणाऱ्या मुलांसाठी स्टेथोस्कोप घेतला. घोड्याच्या डाव्या कोपराच्या मागे लावला की ठोके ऐकू येतात, शांत उभ्या घोड्याचे मिनिटाला साधारण 28 ते 44. आधी स्वतःची नाडी मोजायची, मग घोड्याची, मग रिकिबीत पाय. एक बारा वर्षांची मुलगी पहिल्या दिवशी इतकी घाबरलेली की तिचे 130 आणि राणीचे 52. दोघी सावलीत दहा मिनिटं उभ्या राहिल्या, मुलगी हळूहळू तिची मान चोळत होती, परत मोजले तर राणी 40 वर. त्या दिवशी ती वर बसलीच नाही आणि तिच्या आईला मी फी परत देऊ केली. आईने घेतली नाही, पुढच्या महिन्याचे पैसे भरून गेली.

सगळेच असे नसतात. दुसऱ्या दिवशी गॅलप म्हणजे भरधाव दौड पाहिजे, रील पाहिजे म्हणणारे येतात, त्यांना आम्ही नाही म्हणतो, यात धंदा जातो, बायकोशी यावरून माझे वाद झालेत आणि तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, कारण घोडा सुट्टीच्या दिवशी पण खातो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तर एक बॅच नाही आणि चार तोंडं खायला. तेव्हा जुन्या पालकांनी महिन्याचा चारा वाटून घेतला, ते उपकार मी विसरणार नाही.

आता सहा घोडे आहेत. मेट्रोचं काम सुरू झालं तेव्हा मशीनच्या धडधडीने बाकीचे बिथरायचे, राणी मात्र कान फिरवून ऐकायची आणि परत तोबऱ्यात तोंड घालायची. गेल्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून एक काठियावाडी शिंगरू आणलंय, कानांची टोकं एकमेकांना भिडलेली, नजर सतत भिरभिरती. अजून पाठीवर कुणाला बसवलेलं नाही. सकाळी साडेसहाला मी मोहरकी, म्हणजे तोंडावर बांधायची दोरी, घेऊन त्याच्याकडे जातो, आणि ज्या दिवशी रजिस्टरमध्ये माझ्याच नावापुढे "झोप कमी" असतं त्या दिवशी मोहरकी खुंटीला अडकवून नुसता त्याच्या शेजारी उभा राहतो.