सर्व कापूस पांढरा असतो

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या सीईटीचा अर्ज भरला, तेव्हा मला धास्ती सामान्य ज्ञानाची होती, तर्काची नव्हती. धुऱ्याचे, म्हणजे शेताच्या बांधाचे, दोन वाद आणि भावकीची एक वाटणी निव्वळ बोलून मिटवलेला माणूस तर्काच्या प्रश्नांत कशाला अडेल, असा माझा समज होता. सरावाच्या पहिल्याच संध्याकाळी तो मोडला. प्रश्न असा होता: सर्व कापूस पांढरा असतो; या पोत्यातील वस्तू पांढरी नाही; तर पोत्यात कापूस आहे काय? मी बेधडक ‘निश्चित सांगता येत नाही’ या पर्यायावर खूण केली. त्याला कारणही तसेच होते. मी बसलो होतो त्याच खोलीत, भिंतीला लागून, आमचा कवडीचा कापूस पडलेला होता. गुलाबी बोंडअळी शिरलेले बोंड धड उमलत नाही, त्यातली सरकी किडते आणि कापूस पिवळट, चिकटलेला, बोटाने उकलावा लागेल असा निघतो; तीच कवडी. तो पांढरा नसतो, पण असतो कापूसच. तो वेचायला मजुरीही कापसाचीच द्यावी लागते.

पुस्तकाच्या मागे उत्तर होते: पोत्यात कापूस नाही. बारावीतली माझी मुलगी, जी या काळापुरती माझी मास्तरीण झाली आहे, शांतपणे म्हणाली, “बाबा, तुमाले जे माहीत हाय ते इसरा. कागदावर लिवलं हाय तेवढंच खरं.” आर्वी तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला, ज्याची सगळी पुंजी म्हणजे त्याला जे माहीत आहे तेच, हे सांगणे सोपे आहे; करणे नाही.

या फजितीत मला एक जुनी सोबत सापडली आहे. अलेक्झांडर लुरिया हे सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या खेड्यांत असेच प्रश्न घेऊन फिरले होते, आणि त्यांचाही एक प्रश्न कापसाचाच होता. कापूस उष्ण आणि कोरड्या प्रदेशातच होतो. इंग्लंड थंड आणि दमट आहे. तर तेथे कापूस होईल काय? तिथल्या एका अशिक्षित शेतकऱ्याने आधी मला ठाऊक नाही असे सांगितले, आणि पुढे जमीन कशी आहे त्यावर ते अवलंबून आहे, असे उत्तर दिले. माझ्या मते हा माणूस तर्कात मुळीच कच्चा नव्हता, त्याला फक्त न पाहिलेल्या मुलखाच्या कापसाबद्दल हमी द्यायची नव्हती. गंमत अशी की न्यायालयाला साक्षीदार नेमका असाच हवा असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही पूर्वीच्या कायद्याप्रमाणेच तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा लागतो, म्हणजे पाहिलेल्या गोष्टीबद्दल ज्याने ती पाहिली त्यानेच बोलावे. तो उझबेक शेतकरी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उत्तम ठरला असता आणि प्रवेश परीक्षेत माझ्याच शेजारी नापास झाला असता.

बरे, मुलीचा सल्ला शिरोधार्य मानून सगळी माहिती दाराबाहेर ठेवावी, तर पुढच्याच प्रश्नाने पाय ओढला. पाऊस पडला तर अंगण ओले होते. अंगण ओले आहे. मी ‘पाऊस पडला’ असे लिहिले आणि चुकलो. त्याच घटकेला आमच्या अंगणात सडा टाकून झाला होता आणि शेणाचा वास माझ्या नाकात होता, तरी सुचले नाही. विधान उलट फिरवले की ते खरे राहीलच असे नाही, ही एवढीच त्यातली मेख आहे, आणि ती आपल्या न्यायशास्त्राने, म्हणजे कायद्याच्या नव्हे तर तर्काच्या जुन्या दर्शनाने, फार पूर्वी ओळखली आहे. तेथे ‘जेथे धूर तेथे अग्नी’ मान्य आहे, पण ‘जेथे अग्नी तेथे धूर’ मान्य नाही, आणि त्याचा दाखला तापलेल्या लोखंडी गोळ्याचा दिला जातो. हे वाचल्यावर मला आमच्या लोहाराच्या ऐरणीवरचा लालभडक फाळ आठवला, ज्यातून धुराची एक रेघही निघत नाही. टेकडीपलीकडे धूर दिसला की कोणी तरी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, जाळत आहे हे मात्र आम्ही न पाहता सांगतो. त्या दिवसापासून ‘जर-तर’चा प्रश्न आला की मी फाळ आठवतो आणि मगच खूण करतो. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, ही त्यातल्या त्यात मायबाप सरकारची कृपा.

‘काही’ आणि ‘सर्व’ यांच्यातला फरक मात्र मला आता पक्का कळला आहे, आणि तो वापरण्याची संधीही मागच्या आठवड्यात मिळाली. गाडीत वर चांगला पांढरा कापूस होता आणि कडेच्या एका गठुड्यात थोडी कवडी मिसळलेली होती, हे मी कबूल करतो. खरेदीवाल्याने नेमका तिथेच कोपरापर्यंत हात घातला, मूठभर कापूस बाहेर काढला, तळहातावर पसरून अंगठ्याने चोळला आणि म्हणाला, “माल कवडीचा हाय.” काही कापूस कवडीचा आहे यावरून सर्व कापूस कवडीचा आहे असा निष्कर्ष निघत नाही, हे मी त्याला तीन वाक्यांत, क्रमाने आणि माझ्या समजुतीप्रमाणे निर्दोषपणे सांगितले. त्याने ते पूर्ण ऐकून घेतले. मग क्विंटलमागे तीनशे रुपये कमी लिहून चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि मागच्या गाडीला पुढे यायची खूण केली.