सही माझी, कागद कुणाचा?

माझ्या प्रश्नावलीतला चौदावा प्रश्न असा होता: 'मुलीला विशेष शाळेत घालण्याच्या कागदावर तुम्ही स्वखुशीने सही केली होती का?' तो मीच लिहिला होता, बराच विचार करून लिहिला होता. 2018च्या मार्चमध्ये चेक प्रजासत्ताकातल्या ओस्त्रावा शहरात, रोमा समाजातल्या, म्हणजे शतकांपूर्वी भारतातून युरोपात गेलेल्या समाजातल्या, एका आजींच्या स्वयंपाकघरात बसून तो विचारेपर्यंत मला त्यात काही खटकलं नव्हतं.

मी मूळची सोलापूरची. तेव्हा नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात संशोधक होते. युरोपातल्या समाजांना लागू पडेल असा न्यायाचा आणि रास्तपणाचा सिद्धांत मांडायचा, हा आमच्या गटाचा विषय. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांचा 1971चा न्यायाचा सिद्धांत एकाच बंदिस्त समाजाची चौकट धरून चालतो. युरोपात चौकटी एकमेकींत अडकलेल्या आहेत. देशाचा कायदा आहे, युरोपीय संघाचा कायदा आहे, आणि फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला युरोपीय मानवी हक्क न्यायालय आहे, ज्याच्या कक्षेत तेव्हा 47 देश होते. अन्याय गल्लीतल्या शाळेत होतो आणि दाद हजार किलोमीटरवर मागावी लागते. म्हणून आम्ही ठरवलं होतं, सुरुवात ग्रंथांपासून करायची नाही, ज्यांनी सोसलं त्यांच्यापासून करायची. माझ्या वाट्याला ओस्त्राव्याचा खटला आला.

तो खटला युरोपात प्रसिद्ध आहे. 1996 ते 1999 या काळात ओस्त्राव्यातल्या अठरा रोमा मुलांना 'विशेष शाळेत' घातलं गेलं. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठीच्या या शाळा. अभ्यासक्रम हलका, आणि पुढची वाट बहुतेक हातकामाच्या शिक्षणाकडेच. मुलांच्या बाजूने स्ट्रासबर्गच्या न्यायालयात दिलेले आकडे मला अजून पाठ आहेत. शहराच्या प्राथमिक शाळांतल्या मुलांमध्ये रोमा 2.26 टक्के, पण विशेष शाळांमध्ये 56 टक्के. रोमा मुलांपैकी निम्म्याहून अधिक, 50.3 टक्के, विशेष शाळेत. बाकीच्या मुलांपैकी फक्त 1.8 टक्के. म्हणजे रोमा मूल तिथे जाण्याची शक्यता 27 पटींहून अधिक. तरीही 7 फेब्रुवारी 2006 रोजी पहिल्या पीठाने सहा विरुद्ध एक मतांनी भेदभाव नाही असं ठरवलं. 13 नोव्हेंबर 2007 रोजी मोठ्या पीठाने तेरा विरुद्ध चार मतांनी तो निकाल फिरवला. नियमाचे शब्द सर्वांना सारखे असले तरी त्याचा फटका एकाच समाजाला बसत असेल, तर तोही भेदभावच, असं त्यांनी म्हटलं. प्रत्येकी 4,000 युरो भरपाई मिळाली.

सरकारच्या बचावातला एक मोठा मुद्दा असा होता की पालकांनी स्वतः लेखी संमती दिली होती. न्यायालयाने तो मानला नाही. हे पालक वंचित समाजातले, अनेकदा फारसे न शिकलेले. आपल्या संमतीचे सगळे परिणाम त्यांना तोलता आले असतील याची खात्री पटत नाही, असं निकालपत्रात आहे. ते वाक्य मी वहीत उतरवून घेतलं होतं. मला ते फार माणुसकीचं वाटलं होतं.

आजी त्या अठरा कुटुंबांपैकी नव्हत्या. त्यांची मुलगी त्याच वर्षांत दुसऱ्या एका विशेष शाळेत होती. ट्रामच्या थांब्यापासून त्यांच्या घरापर्यंत चालताना दुभाषी मुलीने सांगितलं की दुसऱ्या महायुद्धानंतर खाणींत आणि पोलादाच्या कारखान्यांत कामाला म्हणून स्लोवाकियातून इथे पुष्कळ रोमा आले. शहरातल्या खाणी 1994 मध्ये बंद झाल्या. आजींचे यजमान अशाच एका खाणीत होते.

बोलणं सुरू होण्याआधी एक गोष्ट घडली. आजींनी पेला पुढे करत 'पानी' म्हटलं आणि मी दुभाषीकडे न बघता 'हो, द्या' म्हणून गेले. त्या थबकल्या. मी नाकाला बोट लावलं आणि 'नाक' म्हटलं. त्या म्हणाल्या, 'नाख'. कान तर कानच निघाला. घराला 'खेर'. मग त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली: येख, दुय, त्रिन, श्तार, पांज. मी सोबत एक, दोन, तीन म्हणत होते. सहापर्यंत आम्ही जोडीने आलो आणि साताला फुटलो, कारण सात, आठ, नऊ हे शब्द रोमानीने वाटेत ग्रीकमधून उचलले: एफ्ता, ओख्तो, एन्या. दहाला 'देश' ऐकलं तेव्हा परत भेटलो. हजार वर्षांचा प्रवास त्या दहा आकड्यांत आहे. हे भाषाशास्त्रात वाचलेलं होतं. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

त्यामुळेच असेल, चौदाव्या प्रश्नावर त्या माझ्याशी परक्यासारखं बोलल्या नाहीत.

प्रश्न विचारताना मी आवाज मऊ केला होता. कागद आधीच भरलेला होता का, वाचून दाखवला होता का, काय लिहिलंय ते समजलं होतं का, असे उपप्रश्नही जोडले. आजींनी दुभाषीला हाताने थांबवलं आणि चेकमध्ये, एकेक शब्द सुटा करून, थेट मला सांगितलं. मी वेडी नव्हते. मला वाचता येत होतं. माझ्या थोरल्याला मी साध्या शाळेत घातलं होतं. वर्गात तो एकटाच काळा. त्याच्या शेजारी कुणी बसायचं नाही. डबे नाहीसे झाले की त्याचं दप्तर आधी उघडायचे. दुसरीत असताना त्याने बोलणंच सोडलं. धाकटीच्या वेळी बाईंनी कागद आणला. त्या शाळेत तिची आतेभावंडं होती, तिथे तिला कुणी 'घाणेरडी' म्हणणार नव्हतं. मी दोन्ही शाळा नीट तोलल्या आणि सही केली. आज पुन्हा तेच दोन पर्याय ठेवलेत तर पुन्हा तिथेच सही करेन.

माझ्या वहीत ते निकालपत्रातलं वाक्य होतं, 'तोलता आले असतील याची खात्री पटत नाही'. समोर बसलेल्या बाईने तर बारकाईने तोललं होतं. याच निकालपत्रात थोडं पुढे न्यायाधीशांनी तो पेचही ओळखला आहे: एकीकडे मूल एकटं पडेल अशी शाळा, दुसरीकडे रोमा मुलांनी भरलेली विशेष शाळा. ते मी वाचलं होतं, पण प्रश्न लिहिताना मी उचललं ते पहिलं, कणवेचं वाक्य. तिच्या शहाणपणावर शंका घेतली की आमची सोय होत होती. सही अडाणीपणात झाली असं एकदा म्हटलं की काट्यावर पर्याय कुणी ठेवले याकडे बघावं लागत नाही.

मग त्या म्हणाल्या, "सही का केलीस, हे मला वकिलांनी विचारलं, पत्रकारांनी विचारलं, आता तू विचारतेस. कागद का आणलात, हे त्या बाईंना कुणी विचारलं का?"

मला उत्तर देता आलं नाही. माझ्या एकतीस प्रश्नांत तो नव्हता. सोलापुरात सेटलमेंट म्हणून भाग आहे. अख्ख्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवणाऱ्या ब्रिटिशांच्या 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्यानंतर तारेच्या कुंपणात ठेवलेल्या लोकांची वसाहत. तिथल्या पारधी, कैकाडी घरांत अभ्यासक म्हणून मी कॉलेजात असताना गेले होते, आणि तेव्हाही माझे सगळे प्रश्न कुंपणाच्या आतल्यांना होते. 'तुम्ही मुलांना शाळेत का घालत नाही?' हेच मी दारोदार विचारत फिरले होते. शाळेच्या हेडमास्तरांकडे मी एकदाही गेले नाही. वीस वर्षांनी, दुसऱ्या खंडात, मी तीच चूक घेऊन आले होते.

दुभाषीने दोन-तीन फोन केले. विशेष शाळेत पाठवण्याआधी मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या घेणाऱ्या एक निवृत्त मानसशास्त्रज्ञ त्याच दुपारी भेटायला तयार झाल्या. नीटनेटकं घर, खिडकीत झाडं. बाई प्रामाणिक होत्या हे मला ठामपणे लिहायचं आहे. त्यांनी काही लपवलं नाही. "सगळ्या मुलांना एकच चाचणी, एकच वेळ, एकच गुणपद्धत. मी कुणाचा रंग पाहून एक गुणही कमी दिलेला नाही." मी विचारलं, चाचणी कुठल्या भाषेत? त्या म्हणाल्या, "चेकमध्ये. आणखी कुठल्या?" मग स्वतःच थोडा वेळ गप्प राहिल्या. म्हणाल्या की काही मुलं चित्रातली वस्तू ओळखायची, बोटाने दाखवायची, घरातल्या भाषेत काहीतरी म्हणायचीही. तो रकाना 'उत्तर नाही' असा भरायचा, हा नियम होता.

मला सकाळचा तो 'पानी' आठवला. सहा वर्षांच्या मुलीने पाण्याच्या चित्रावर तोच शब्द म्हटला असेल आणि कागदावर 'उत्तर नाही' लिहिलं गेलं असेल.

मी त्यांना आजींचा प्रश्न विचारला. कागद घेऊन तुम्ही घरी का जायचात? त्या म्हणाल्या, संमतीशिवाय पाठवता यायचं नाही, म्हणून. साध्या शाळेला ते मूल नको असायचं, विशेष शाळेला पट टिकवायला मुलं हवी असायची, आणि आईची सही झाली की सगळ्यांचं काम नियमात बसायचं.

परत आल्यावर मी गटापुढे मांडलं की आमच्या मसुद्यातलं संमतीचं प्रकरण उलटं लिहावं लागेल. सही करणाऱ्याने समजून सही केली का, हे तपासणं पुरेसं नाही. तिच्यासमोर कोणते पर्याय होते, ते कुणी ठेवले आणि त्या सहीने कुणाची सोय झाली, ही तपासणी आधी हवी. एका सहकाऱ्याने रास्त शंका काढली: मग प्रौढ माणसाच्या निर्णयाला काही किंमतच उरत नाही का? त्यावर दोन तास वाद झाला. मी आजींचं म्हणणं शब्दशः वाचून दाखवलं. त्यांना त्यांच्या निर्णयाची पुरेपूर किंमत हवी होती. तो निर्णय दुसऱ्यांच्या बचावासाठी वापरलेला त्यांना नको होता. मसुद्यात शेवटी हे जवळजवळ याच शब्दांत गेलं. चौदावा प्रश्न मी काढून टाकला आणि शाळांच्या मुख्याध्यापकांसाठी, चाचणी घेणाऱ्यांसाठी वेगळी प्रश्नावली केली. तिच्यातला पहिला प्रश्न आजींचा आहे.