पोलादी मका, अपडेट ३: वेल उलटी गुंडाळली राव

मंडळी, दीड महिना इथे काही टाकलं नाही कारण दाखवण्यासारखं काही नव्हतंच, आता थोडंफार आहे. नवीन लोकांसाठी पटकन, मी मॉन्ट्रियलच्या लासाल भागात राहतो, गॅरेजात एक छोटं मिग वेल्डिंग मशीन, ग्राइंडर आणि रेल्वेच्या रुळाच्या तुकड्याची ऐरण, बस एवढाच संसार. मार्गारेट जेकब्स म्हणून अक्वेसास्ने गावच्या मोहॉक (इथल्या मूळ रहिवासी लोकांपैकी) शिल्पकार आहेत, त्या औषधी झाडंपाला पोलादात घडवतात, वर पावडर कोटिंग (भाजून पक्का केलेला कोरडा रंग), ते काम बघितल्यापासून आपणही पोलादातून झाडं घडवावीत असा डोक्यात किडा घुसलाय.

आधी मला वाटलेलं की नाजूक पान आणि जड लोखंड असा काहीतरी विरोधाभास दाखवायचा असेल, गॅलरीवाल्यांना आवडतं तसलं. पण नाही हो, पोलाद त्यांच्या घरचंच आहे. माझ्या घरापासून चालत गेलं की नदीवरचा रेल्वेचा पूल दिसतो, पलीकडे काहनवाके, तेही मोहॉक लोकांचंच. १८८६ मध्ये तिथे पूल बांधायला घेतला, त्यांची जमीन लागत होती म्हणून गावातल्या लोकांना कामावर घेतलं, तेही सामान उतरवायला फक्त, तर ही पोरं फावल्या वेळात सरळ वर चढून गर्डरवर फिरायला लागली आणि मग त्यांना रिव्हेट (गर्डर जोडायचे लोखंडी खिळे) मारायला शिकवलं. तिथून पुढे ही माणसं हेच काम करत न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीपर्यंत पोचली. मधे १९०७ साली क्युबेकचा पूल बांधतानाच कोसळला, ७५ माणसं गेली, त्यातली ३३ एकट्या काहनवाकेची. गावातल्या थडग्यांवर गर्डरचेच क्रॉस उभे केलेत. हे कळल्यावर त्या पोलादी पानांकडे मी वेगळ्याच नजरेने बघायला लागलो. मका जितका वारशाचा, तितकाच गर्डरही.

असो, कामाचं बोलू. मी करतोय मका, घेवडा आणि भोपळा, म्हणजे मोहॉक लोक ज्यांना ‘तीन बहिणी’ म्हणतात ती पिकं, तिन्ही एकाच मातीच्या ढिगाऱ्यात लावतात. घेवडा मक्यावर चढतो, मुळांतून जमिनीला नत्र देतो, भोपळ्याची पानं खाली सावली धरतात म्हणून तण कमी आणि ओल टिकते. औषधी वनस्पतींना मी मुद्दाम हात लावला नाही, ते ज्ञान माझं नाही आणि नुसता आकार उचलून आणायला बरं वाटेना. मका काय, आपणही खातो. आणि हे विकायचं नाहीये, घरीच राहणार.

मक्याचं पान १६ गेजच्या (साधारण दीड मिमी जाड) पत्र्यातून कापलं, मधली शीर बोथट छिन्नीने पाडली, पण पान काही केल्या पान दिसेना, तलवार दिसायची! कडा पक्कडीने वाकवून लाटा काढल्या तर अजूनच खोटं. शेवटी खरं पान आणून टेबलावर ठेवलं आणि ट्यूब पेटली, मक्याच्या पानाची कड मधल्या शिरेपेक्षा जास्त लांब वाढते, तिला जागा पुरत नाही म्हणून ती लाटा मारते. मग पत्र्याचंही तेच करायचं ना, फक्त कड तापवून ऐरणीवर ठोकत गेलो, कड पातळ होऊन लांबली आणि लाटा आपोआप उठल्या, एकही वाकवावी लागली नाही. त्या दिवशी मी जेवायलाही वर गेलो नाही (त्यावरून घरी जे ऐकलं ते इथे लिहीत नाही).

देठ २० मिमी पाइपचा. पानं जोडताना दोन ठिकाणी पत्रा जळून भोक पडलं, करंट कमी करून वेल्डिंगचे नुसते छोटे छोटे टाके मारत, मधे थंड होऊ देत गेलो तेव्हा जमलं. गॅल्वनाइज्ड पाइप पडून होता तो वापरला नाही, त्याच्या जस्ताचा धूर फार वाईट, फुकट मिळाला तरी घेऊ नका.

आणि आता ती वेल. ६ मिमीची सळई तापवून पाइपभोवती छान गुंडाळली, टाके मारले, घासून साफ केलं, बायकोला बोलावून दाखवलं. दुसऱ्या दिवशी बाल्कनीतल्या खऱ्या घेवड्याला पाणी घालताना बघतो तर तो उलट्या बाजूने चढलेला! दुसरा वेल बघितला, तिसरा बघितला, सगळे एकाच दिशेने, नेहमीच्या स्क्रूचे आटे असतात तसे. माझी डावखुरी. कुणाला कळणार होतं म्हणा, पण नदीपलीकडच्या ज्या आजीने आयुष्यभर घेवडा लावलाय तिला एका नजरेत कळलं असतं. ग्राइंडर काढला आणि सगळे टाके कापले, अडीच तासांचं काम वीस मिनिटांत जमिनीवर.

नवी वेल बरोबर दिशेने चढलीये. आधी देठ हात लावला की डुलायचा, आता बराच ताठ उभा राहतो.

भोपळ्याचं पान अजून सुरूच नाही केलं. त्याला खोलगट आकार हवा, लाकडाच्या ओंडक्यात खळगा करून त्यात ठोकायचा विचार आहे, कुणी वाळूच्या पिशवीवर केलं असेल तर सांगा, कारण ओंडका आणायला गाडी नाहीये.