मवाळ रेझर, जहाल हात

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. विचारणारे बदलतात, तक्रार ठरलेली असते: "जुन्या पद्धतीचा ब्लेडवाला रेझर घेतला. मवाळ आहे, नवशिक्याला हाच बरा, असं सगळे म्हणाले. पण दाढी होतच नाही हो. नुसता गालावरून घसरतो, खुंट तसेच. जरा दाबला की आग आग होते. तुम्ही इतकी वर्षं हाच कसा वापरता?" यातले बहुतेक जण तीन नाहीतर पाच पात्यांच्या कार्ट्रिजवरून, म्हणजे पात्यांसकट डोकंच बदलायच्या रेझरवरून, आलेले असतात. कुणाला कार्ट्रिजची किंमत झोंबलेली असते, कुणाच्या मानेवर पुटकुळ्या उठतात, कुणाला नुसतीच हौस. आणि थोड्याच दिवसांत पुढचा प्रश्न येतो: "मग जहाल रेझर मागवू का?"

मागवू नका. निदान एवढ्यात नको.

आधी मवाळ म्हणजे काय ते बघू. रेझरचं डोकं तुम्ही उघडून पाहिलं असेलच. वर टोपी, खाली कडेची पट्टी, मध्ये पातं. पातं जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड, हातात धरलं तर लवतं. टोपी त्याला कमानीसारखं वाकवून गच्च धरते, तेव्हा कुठे त्याला ताठपणा येतो. गालाला टेकतात त्या टोपीची आणि पट्टीची कड. त्या दोन कडांना शिवणारी एक सरळ रेष मनात काढा. पात्याची धार त्या रेषेच्या बाहेर डोकावत असेल तर रेझर जहाल, रेषेवर किंवा किंचित आत असेल तर मवाळ. धार आणि पट्टी यांच्यात फट असते, तीही मवाळ रेझरमध्ये सहसा अरुंद असते. दुकानदार आणि हौशी मंडळी या फटीच्या आकड्यावरच भांडतात, पण फट सारखी असूनही दोन रेझर गालावर अगदी वेगळे वागू शकतात, कारण धार किती बाहेर आली आहे हे फट सांगत नाही. जिलेटने १९५८ मध्ये अमेरिकेत एक रेझर काढला होता, त्याच्या गळ्याशी १ ते ९ आकड्यांची फिरती चकती होती. चकती फिरवली की तोच रेझर मवाळाचा जहाल व्हायचा. सगळा खेळ मिलिमीटरच्या दशांशांचा.

आता हाताकडे येऊ, कारण अडतं ते तिथेच.

कार्ट्रिजचं डोकं स्वतः मान वळवतं. पात्यांचा कोन कारखान्यातच ठरलेला असतो, हाताला त्यात काही काम उरत नाही. हात फक्त दाबतो आणि कानापासून हनुवटीपर्यंत एका ओढीत खाली येतो. १९७१ मध्ये दोन पात्यांचं कार्ट्रिज बाजारात आलं, तेव्हापासून पुरुषांच्या दोन-तीन पिढ्यांचे हात असे घडले आहेत. त्या कार्ट्रिजची युक्ती अशी की पहिलं पातं केसाला जरा वर ओढतं आणि तो परत आत जायच्या आधी मागचं पातं त्याला कापतं. केस त्वचेच्या पातळीखाली तुटतो, म्हणून बोट फिरवल्यावर गुळगुळीत लागतं. ज्यांचे केस कुरळे किंवा जाड असतात, त्यांच्या बाबतीत तोच खाली गेलेला केस वाढताना त्वचेच्या आतच वळतो आणि पुटकुळी उठते. मानेच्या तक्रारींचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

हाच दाबणारा हात मवाळ रेझरवर आला की काय होतं? त्वचा मऊ असते. दाबली की ती टोपी आणि पट्टीच्या मधल्या फटीत फुगून शिरते, आणि जी धार फक्त केसाला भिडायची ती त्वचेला खरवडायला लागते. लोक चकित होतात, रेझर मवाळ आणि आग एवढी कशी? दाब दिला की कुठलाच रेझर मवाळ राहत नाही. माझ्याकडे जर्मनीतल्या झोलिंगेनचा मेर्कुर ३४सी आहे. त्याचं वजन ८० ग्रॅमच्या आसपास आहे, गालावर तेवढं वजन पुरतं. दांडा दोन-तीन बोटांच्या टोकांनी धरायचा. मूठ वळली की दाब आलाच.

दाब सोडला की दुसरी तक्रार सुरू होते: रेझर नुसता घसरतो. हा कोनाचा प्रश्न. जहाल रेझर कसाही धरला तरी काहीतरी कापतो, वर थोडं रक्तही काढतो. मवाळ रेझर कोन चुकला तर कापतच नाही, गालावरून निमूट निघून जातो. माणसाला वाटतं ब्लेड बोथट आहे. तर असं करा. टोपी गालावर सपाट टेकवा, म्हणजे दांडा गालापासून जवळपास काटकोनात बाहेर येईल. आता छोटे छोटे हात मारत दांडा हळूहळू खाली आणा. एका ठिकाणी कापल्याचा आवाज सुरू होईल, बारीक करकर. तोच तुमचा कोन. त्याहून खाली नेलात तर धार खरवडायला लागेल. न्हाणीघरातला एक्झॉस्ट पंखा चालू असेल तर बंद करा, कारण सुरुवातीच्या दिवसांत कान हाताच्या आधी शिकतो. गालावर हा कोन लवकर बसतो. हनुवटीच्या वळणावर तो दर अर्ध्या इंचाला बदलतो, म्हणून तिथे हात आणखी आखूड ठेवायचे.

हे सगळं मी सांगण्यापेक्षा सलूनमध्ये जाऊन बघितलंत तर जास्त कळेल. तिथे हेच पातं कागदासकट मधोमध मोडून अर्धं वस्तऱ्यात घालतात. त्या वस्तऱ्याला ना टोपी ना पट्टी, त्याच्यापुढे बाजारातला सगळ्यात जहाल रेझरही मवाळच. तरी चांगल्या न्हाव्याच्या हाताखाली आग होत नाही. सगळे त्याचा उजवा हात बघतात, तुम्ही डावा बघा. अंगठ्याने तो त्वचा सतत ताणत असतो, पातं जाईल त्याच्या पुढे-मागे. वस्तरा दाबत नाही, ओढतही नाही, नुसता चालवतो. आणि आधी सुलटा हात संपवून, पुन्हा फेस लावून मगच विचारतो, "उलटा मारू?"

मवाळ रेझरचं मर्मही तेच आहे. एका हातात दाढी संपवायची अपेक्षा सोडून द्यायची. पहिला हात केस वाढतात त्या दिशेने, आणि तो झाल्यावर गालावर खुंट लागणारच, लागू द्यावेत. पुन्हा फेस, मग आडवा हात. बहुतेकांची ऑफिसला जाण्यापुरती दाढी इथे होते. उलटा हात ज्याला सोसेल त्याने मारावा, मानेवर शक्यतो नकोच. मानेचं आणखी एक आहे. तिथे केस एका दिशेने वाढत नाहीत. कंठमण्याच्या आसपास ते आडवे असतात, काहींचे तर खालून वर. दोन दिवस दाढी न करता बोट सगळ्या दिशांनी फिरवून बघा. जिथे बोट अडतं ती उलटी दिशा. हे न बघता वरून खाली रेझर ओढला तर सुलटा समजून तुम्ही उलटाच हात मारत असता.

फेसाबद्दल थोडं. केस पाण्यात भिजला की फुगतो आणि कापायला खूप कमी जोर लागतो, म्हणून आंघोळीनंतर दाढी करा किंवा कोमट पाण्याने तोंड दोन-तीन मिनिटं भिजवा. ब्रशने फेस करताना पाणी थोडं थोडं वाढवत न्या. दुधाच्या सायीसारखा चमकदार झाला की थांबा. कोरडा, फुगीर फेस बघायला छान असतो आणि मवाळ रेझरच्या अरुंद फटीत लगेच अडकून बसतो. सोसायटीला बोअरचं पाणी येत असेल तर साबण फेसाळणारच नाही, जड पाण्यातले क्षार त्याचा चिकट साका करून टाकतात. अशा घरात वाटीभर पिण्याचं पाणी फेसासाठी वेगळं घ्या. साबणाऐवजी ट्यूबमधलं क्रीमही जरा बरं चालतं. दाढीनंतर तुरटीचा खडा ओला करून फिरवा. जिथे चरचरेल तिथे आज हात दाबला गेला होता. इतका खरा रिपोर्ट दुसरं कुणी देत नाही.

पात्यांचं सुख मात्र मोठं आहे. या पात्याचा जनक किंग कॅम्प जिलेट याच्या कंपनीने १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर आणि १६८ पाती विकली होती. पेटंट १९०४ मध्ये मिळालं. पुढे त्या पात्याचा आकार जगभर एकच होऊन बसला. त्यामुळे रेझर जर्मनीचा, पातं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारं सेव्हन ओ'क्लॉक, असं कुठलंही लग्न जमतं. माझं मत असं की मवाळ रेझरला धारदार पातं द्यावं. जपानी फेदर पात्याचं नाव ऐकून लोक घाबरतात, पण मवाळ डोक्यात ते चांगलं नांदतं. कमी धारेचं पातं आणि मवाळ रेझर एकत्र आले की मग खरंच नुसतं घसरणं उरतं. एका दिवशी एकच गोष्ट बदला, मात्र. नवा रेझर, नवं पातं, नवा साबण एकदम आणलात तर आग कशाने झाली ते कधीच कळणार नाही.

पातं चार-पाच दाढ्यांनंतर बदलावं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं होतं की केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असूनही धारेचे सूक्ष्म टवके काढू शकतो, विशेषतः तो धारेपुढे वाकून तिरका भिडला की. पातं ओढायला लागलं असं वाटलं तर तो भास नसतो, फेकून द्या. दोन रुपये वाचवायला गालाशी भांडण नको. पातं टॉवेलने पुसूही नका, धार जाते ती जाते, वर बोट कापतं. नुसतं धुवा, झटका.

मवाळ रेझर कुणी घेऊ नये, हेही विचारलं जातं. रोज किंवा एक दिवसाआड दाढी करणाऱ्याला तो उत्तम. आठवड्यातून एकदा करणाऱ्याला तो वैताग देईल. श्रावण पाळणाऱ्यांनी महिन्याची दाढी थेट याच्यापुढे आणू नये, दोन हातांत फट गच्च भरेल. आधी ट्रिमर, नाहीतर सरळ सलून, आणि सोमवार बघून जा, बरीच सलूनं बंद असतात. ज्यांची दाढी खरोखर तारेसारखी आहे, हात हलका झाला आहे, कोन सापडला आहे आणि तरीही आडव्या हातानंतर समाधान नाही, त्यांनी खुशाल एक पायरी वर जावं. अशी माणसं थोडी असतात. माझ्या भाच्याने पहिल्याच आठवड्यात जहाल रेझर मागवला होता. तो आता कपाटात आहे, आणि भाचा माझ्यासारखाच मवाळ वापरतो. कारण विचारलं तर म्हणतो, "सकाळी घाई असते, मामा." घाईत जहाल रेझर परवडत नाही, हे त्याचं त्यालाच कळलं.

विमानाने जाणार असाल तर सुटी पाती केबिनच्या सामानात चालत नाहीत. चेक-इन बॅगेत टाका किंवा पोचल्यावर तिथेच विकत घ्या.

आणि वापरलेली पाती कुठे टाकायची हे आजवर मला एकानेही विचारलेलं नाही, म्हणून आपणहून सांगतो. कागदात गुंडाळून कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. आपल्याकडे कचरा शेवटी कुणीतरी हातानेच निवडतं. पावडरच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याला चीर पाडा, पाती त्यात टाकत राहा. डबा छोटा असला तरी भरायला काही वर्षं लागतात. भरला की चीर चिकटपट्टीने बंद करून वर ठळक अक्षरात 'ब्लेड' लिहा आणि कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना सांगून वेगळा हातात द्या.